गोळ्यांची अर्धी बाटली

नाकोरोलेका, कंदावू बेट
४ मार्च १९९६

चि. माकेलेसीस बुबूचा आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र बुधवारच्या बोटीने आलं, खोबऱ्याच्या पोत्यांखाली भिजून. अर्धंच वाचता आलं, पण माझं डोकं फिरायला तेवढं पुरे झालं. तुला चौथा महिना लागला हे वाचून बरं वाटलं. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचून म्हणशील, बुबूला आनंदच झाला नाही.

आता पुढचं. तू लिहितेस की सुव्याच्या दवाखान्यात पोटुशा बायकांचा कसलासा अभ्यास चाललाय, मुलं वेळेआधी का येतात त्याचा. रोज एक गोळी खायला देतात. निम्म्या बायकांच्या गोळीत औषध, निम्म्यांच्या गोळीत नुसतं पीठ. तुला कुठली मिळाली ते तुला ठाऊक नाही, आणि देणाऱ्या नर्सलाही ठाऊक नाही. आणि अशा कागदावर तू सही करून आलीस, ती पण आपल्या पायांनी चालत जाऊन.

मी मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत गेले, तीही निम्मा वेळ मास्तरांचं अंगण झाडण्यात. पण डुकराला काय घातलंय हे घालणाऱ्याला माहीत असतं एवढं मला कळतं. तुझ्या नवऱ्याने, आपेनीसाने, अडवलं नाही का? का तो बस दुरुस्त करता करता बसखालीच झोपतो? आजी असून आईसारखं तुला मी वाढवलंय, तेव्हा बोलायचा हक्क माझा. ती सही खोडून ये. तोवर रोज रोरोची, अळूच्या पानांची, भाजी खा, नारळाचं दूध घालून. त्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

माया आहे, ती पत्रात लिहून वाढत नाही.
तुझी बुबू उनाइसी


रायवांगा, सुवा
१९ मार्च १९९६

ती. बुबूस माकेलेसीचा नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र आपेनीसाला वाचून दाखवलं. तो बसखाली झोपतो हे त्याला मान्य नाही, पण इतका वेळ हसला की खरं असणार. सही मी खोडणार नाही बुबू. का ते सांगते. एकदा शांतपणे वाच, मग ओरड.

गेल्या वर्षी सातवा महिना संपता संपता आमचा मुलगा आला आणि दुसऱ्या दिवशी गेला, ते तुला माहीतच आहे. तेव्हापासून मी जिला तिला विचारत होते, असं का झालं. आपेनीसाची आई म्हणाली मी ओल्या कपड्यात बसले होते. पाळकबाई म्हणाल्या देवाची इच्छा. शेजारची म्हणाली मी कपाटाच्या वरच्या फळीवर हात घातला असेल. प्रत्येकीकडे उत्तर तयार होतं आणि प्रत्येक उत्तरात चूक माझीच होती.

या अभ्यासात सुभम्मा नावाची सिस्टर आहे. तिचा पणजोबा मद्रासहून उसाच्या मळ्यात आला होता. जाडजूड आहे, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला असतो आणि तरी शोधत बसते. तिने मला दीड तास प्रश्न विचारले. काय खाल्लं, कधी पडलीस का, ताप कधी आला, तेव्हा घरात कोण कोण होतं. शेवटी मी तिला विचारलं की मग का झालं ते सांग. तर ती म्हणाली, आम्हाला माहीत नाही, बाई, म्हणून तर घरोघर विचारत फिरतोय. बुबू, त्या दिवशी मी घरी येऊन पहिल्यांदा नीट झोपले.

गोळी पांढरी आहे, चव नाही. दर पंधरा दिवसांनी जायचं, वजन, रक्त, पोटावर थंड मलम लावून बाळाचे ठोके. औषध असलं तर उत्तम. नसलं तरी एवढं लक्ष मला दुसरीकडे कोण देणार?

तुझ्या रागासकट तू हवीच आहेस.
तुझी माकेलेसी


नाकोरोलेका
१० एप्रिल १९९६

चि. माकेलेसीस आशीर्वाद, वि. वि.

पत्र कोरडं पोचलं, त्यामुळे सगळं वाचलं. दोनदा वाचलं, कारण तुझं अक्षर खेकड्यांची शर्यत लागल्यासारखं आहे.

ठीक आहे. खा गोळी. माहीत नाही असं म्हणणारी नर्स मी साठ वर्षांत बघितलेली नाही. इथली आसेनाथा नर्स तर प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देते. त्या जाड्या बाईला माझा नमस्कार सांग आणि चष्म्याला दोरी आखूड बांध म्हणावं, म्हणजे पोटावर न लोळता छातीवर राहील.

आता माझं एक काम. माझ्या भावाचा मुलगा विलीकेसा, त्याची बायको केलेरा तुला आठवत असेल, चर्चमध्ये सगळ्यांच्या वरचा सूर लावते ती. तिला सहावा महिना सरत आलाय. दोन वर्षांपूर्वी तिचंही तुझ्यासारखंच झालं होतं. मी तिच्याजवळ सहज तुझ्या गोळ्यांचं बोलले. सहज बोलले ही माझी चूक, कारण दुसऱ्या दिवशी ती चटई, मासे आणि रडवेला चेहरा घेऊन दारात. केरेकेरे केलं तिने, समोर बसून, रीतीप्रमाणे. आपल्या माणसाने असं मागितलं की नाही म्हणायचं तोंड कुठून आणू? मी हो म्हटलं. आणि आता मी तुझ्याकडे केरेकेरे करते. बाटलीतल्या अर्ध्या गोळ्या तिच्यासाठी पाठव.

तुला अर्ध्या पुरतील. घरात एक मासा असला तरी दोन पानं वाढतोच आपण.

बाकी सगळं ठीक. डुक्कर व्यालं, सात.
तुझी बुबू


रायवांगा
२५ एप्रिल १९९६

ती. बुबूस नमस्कार, वि. वि.

दूध पावडरच्या डब्यात, तळाला कापडात बांधून गोळ्या ठेवल्यात. वर बिस्किटं आहेत, ती तुझी. बोटीवरच्या कारकुनाला बिस्किटंच सांगितली आहेत.

एक सांगते बुबू. सिस्टर सुभम्माने पहिल्या दिवशी बजावलं होतं की या गोळ्या फक्त तुझ्यासाठी. मी मान हलवली होती. पण फक्त तुझ्यासाठी म्हणजे काय, हे आपल्या घरात कोणी कधी शिकवलंच नाही. शाळेत पेन्सिलसुद्धा फक्त माझी नव्हती. डबा भरताना तिचं बोलणं आठवलं, पण तू मागितल्यावर नाही म्हणणारी मी कोण?

मी आता एक दिवसाआड घेते. परवा रिकामी बाटली घेऊन गेले तर सिस्टर माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, माझ्या सगळ्या बायकांमध्ये तूच नेमाने घेतेस. ते हसू मला अजून टोचतंय. बाळ मात्र लाथा मारतंय.

आठवण ठेव, रागवायला का होईना.
माकेलेसी


नाकोरोलेका
३ जून १९९६

चि. माकेलेसीस आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र विलीकेसा हातोहात आणतोय. पत्राबरोबर यांगोनाच्या मुळ्यांची एक जुडी आहे, आमच्या वरच्या शेतातली, सात वर्षांची. ती पिण्यासाठी नाही. कशासाठी ते खाली लिहिलंय.

शुक्रवारी केलेराचे पाय सुजले. मी म्हटलं, होतंच असं, ती चालते कुठे. शनिवारी तोंड सुजलं. रविवारी चर्चमध्ये गाताना मधेच थांबली, डोळ्यांपुढे काजवे दिसतात म्हणाली आणि खाली बसली. ती गाणं मधेच सोडत नाही, म्हणून मी घाबरले. तिला उचलून आसेनाथा नर्सकडे नेलं. रक्ताचा दाब फार वर गेलेला. नर्सने विचारलं, काही औषध घेतेस का? केलेरा माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघायला लागले.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण तिला जे दिलं ते मी दिलं होतं आणि त्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं. तुला मी डुकराच्या अन्नाचं एवढं ऐकवलं, आणि त्या पोरीला स्वतःच्या हाताने काय घालतेय हे न बघता घातलं. म्हणून सांगितलं. नर्सने डब्यातल्या उरलेल्या गोळ्या घेतल्या, मला एका वाक्यात जे बोलायचं ते बोलली आणि वायरलेसवर सुव्याला कळवलं की माकेलेसीच्या गोळीत काय आहे ते लगेच सांगा, इथे एक बाई अडली आहे. कुणाची गोळी कुठली ते लिहिलेले, तुमच्या नावाचे बंद लिफाफे तिकडे असतात म्हणे. तुझा उघडला.

केलेराला मोठ्या बोटीने तुमच्याकडे पाठवतेय. तिची नीट व्यवस्था बघ.

आता तुझं. तुला माझ्यामुळे खाली बघावं लागणार. म्हणून त्या जुडीने बुलुबुलु करा. चूक झाली की समोर जाऊन, जमिनीवर बसून, तिच्यावर माती टाकून यायचं असतं. आपेनीसाने आणि विलीकेसाने जावं, तू मागे बसावं. नाव माझं घ्यायचं, तुझं नाही. मागणारी मी होते. मी स्वतः आले असते, पण केलेराची दोन पोरं इथे माझ्या गळ्यात आहेत आणि एकाला कांजिण्या निघाल्यात.

चूक माझी आहे. हे वाक्य नीट ठेव, पुन्हा मिळणार नाही.
बुबू


रायवांगा
२० जून १९९६

ती. बुबूस नमस्कार, वि. वि.

आधी केलेराचं. ऑपरेशन करून मुलगी झाली, लहान आहे, पण आवाज आईचा आहे. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर दोघी हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाल्या. औषध घेतलं का, हे लगेच खरं सांगणारं कुणीतरी होतं म्हणून पुढचं पटकन ठरवता आलं, असंही म्हणाल्या. हे तुला कळवायला मुद्दाम सांगितलंय.

बुलुबुलु झालं. दवाखान्याला आधी सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आपेनीसा आणि विलीकेसा नवे सुलू नेसून, जुडी पुढे धरून आत शिरले आणि तपासणीच्या खोलीबाहेर जमिनीवर मांडी घालून बसले. बाकावरच्या बायकांनी ते बघितलं आणि एकेक करून सगळ्या खाली उतरल्या, आठव्या-नवव्या महिन्याच्यासुद्धा. वर फक्त डॉक्टर हेलन उरल्या, ऑस्ट्रेलियाच्या, खुर्चीवर, हातात फायली. सिस्टर सुभम्माने त्यांचा कोट धरून त्यांना खाली ओढलं. आपेनीसा भाषणात दोनदा अडला. दोन्ही वेळा पुढचे शब्द सिस्टरनेच सांगितले, हळूच, चष्मा शोधत. तुझं नाव घेतलं. सिस्टरने जुडीला हात लावून ती स्वीकारली, तुझ्या-माझ्या भाषेत उत्तर दिलं, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी चुकीच्या वेळी वाजवल्या, पण वाजवल्या.

मग डॉक्टर म्हणाल्या की चूक त्यांचीही आहे. फक्त तुझ्यासाठी असं त्यांनी कागदावर छापलं, पण घरात आणखी कोण पोटुशी आहे, कोण मागायला येईल, हे कधी विचारलं नाही. आता पहिल्याच पानावर तो प्रश्न येणार, आणि जी असेल तिलाही घेऊन या असं सांगणार. सिस्टर मात्र माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मी तुला नेमाची म्हणाले होते. एवढंच म्हणाली. बुबू, मला तू दिलेल्या सगळ्या शिव्या त्यापेक्षा परवडल्या असत्या.

मला अभ्यासातून काढलं नाही. तपासण्या चालू राहणार, नाव राहणार, जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवणार. पण लिफाफा उघडला म्हणून गोळ्या बंद. आणि बुबू, हाच तो आठवडा आहे. गेल्या वेळी सातवा सरताना, याच दिवसांत सगळं झालं. पाठ जरा दुखली की मी भिंत धरून उभी राहते. एक दिवसाआड का होईना, ती गोळी घेतली की वाटायचं कुणीतरी खालून हात लावून धरलंय. आता हात काढून घेतल्यासारखं वाटतं. गोळीत काय होतं ते मी विचारलं तर सांगतील म्हणाले. मला विचारवत नाही. औषध होतं असं कळलं तर मी आजच मरेन भीतीने.

जमेल तेवढ्या लवकर लिही.
माकेलेसी


नाकोरोलेका
२८ जून १९९६

माकेलेसी,

तुला विचारवत नाही, पण मला माहीत आहे. वायरलेस म्हणजे काय तुला वाटलं, कानात सांगितलेली गोष्ट? सुव्याहून उत्तर आलं तेव्हा दवाखान्यात मी होते, टपालवाला होता, पाळक होते, आणि पलीकडच्या तीन गावांत आपापला वायरलेस लावून बसलेले सगळे होते. डॉक्टरांनी जे एवढं बंद करून ठेवलं होतं ते निम्म्या कंदावूला ठाऊक आहे. तुलाच तेवढं नाही. लिहू का नको असा विचार मी एक दिवस केला, आणि एक दिवस पुष्कळ झाला.

पीठ होतं. पहिल्या दिवसापासून पीठच होतं.

आता रडणं थांबव आणि नीट वाच. केलेराचा दाब गोळीने चढला नाही, तो तिचा तिचा चढला. आणि तुझ्या पोटातलं पोर इतके महिने गोळीने धरलेलं नव्हतं. ते तू धरलंस. मार्चमध्ये तू धरलंस, एप्रिलमध्ये तू धरलंस, माझ्या मूर्खपणापायी अर्धी बाटली गेली तेव्हाही तूच धरलंस. खालून हात काढून घेतला म्हणतेस, तर तिथे हात नव्हताच. तुझं पोट तुझंच होतं आणि आजही आहे.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. माहीत आहे असं म्हणायला मी आपेनीसाची आई नाही. पण भिंत धरायची असेल तर धर आणि पंधरा दिवसांचं दवाखान्यात जाणं चुकवू नकोस. पाठ दुखली तर त्याच दिवशी जा, दुसऱ्या दिवशी नाही.

केलेराच्या पोरांच्या कांजिण्या बऱ्या झाल्या. आता मला खाज सुटलीय.
बुबू


रायवांगा
५ सप्टेंबर १९९६

ती. बुबूस दोघींचा नमस्कार, वि. वि.

दोघींचा लिहिलंय, तेव्हा कळलंच असेल. २९ ऑगस्टला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, तीन किलोवर, डोक्यावर आपेनीसासारखं रान. पहिली मुलगी म्हणून त्यांच्याकडचं नाव, मेरेवालेसी. चौथ्या दिवसाचं जेवण रविवारी झालं, केलेरा तिच्या चिमुरडीला घेऊन आली होती. ती आता वांग्याएवढी झालीय आणि तशीच चकचकीत.

तुझं जूनचं पत्र वाचून मी तीन दिवस तुझ्यावर चिडले होते. चौथ्या दिवशी सकाळी अंघोळ करताना लक्षात आलं की आज मी भिंत धरली नाही. त्यानंतर धरलीच नाही.

मी सिस्टरला विचारलं, मला पीठच मिळालं, मग माझा तुम्हाला काय उपयोग? ती रागावलीच. म्हणाली, औषधवाल्यांशी ताडून कुणाला बघायचं मग, बाकाला? पिठाच्या गोळ्या खाणाऱ्या नसत्या तर औषधाने काही होतं का हे कधीच कळलं नसतं. अभ्यास अजून दोन वर्षं चालणार, उत्तर तेव्हा येईल. मेरेवालेसी दोन वर्षांची होईपर्यंत तिला वजनाला आणायची, त्यावरही मी सही केली. या वेळी आपेनीसाला उठवून, त्याच्यासमोर केली.

आता त्यांना आणखी एक शोधायचंय, हे आईकडून मुलीकडे येतं का. माझी आई लवकर गेली, म्हणून तुझं विचारत होते. बुबूची किती बाळंतपणं झाली असं सिस्टरने विचारलं. मी पाच सांगितलं, आई आणि चार मामा. पण ती म्हणाली बुबूला स्वतःला विचारून घे, आणि नसेल सांगायचं तर नको, तिची मर्जी. फॉर्म सोबत पाठवते. भरायचा नसेल तर चूल पेटवायला घे, कुणी काही म्हणणार नाही.

लोभ आहे तसाच ठेव, आता दोघींत वाटून.
माकेलेसी


नाकोरोलेका
२२ सप्टेंबर १९९६

चि. माकेलेसी व चि. मेरेवालेसी यांस आशीर्वाद, वि. वि.

तीन किलोवर म्हणजे चांगलीच आहे. तिला बघायला नाताळच्या बोटीने येईन. तोवर तिच्या नाकाला तेल लावून वर ओढत जा, आपेनीसाच्या घराण्याचं नाक मी पाहिलंय.

फॉर्म चुलीत घातला नाही. आसेनाथा नर्सला बोलावलं आणि तिच्यासमोर बसून भरला, कारण त्यातली अक्षरं मुंगीएवढी आहेत. पहिलाच प्रश्न तो होता. पाळकांनी, सरकारी मोजणीवाल्यांनी, ज्याने विचारलं त्याला मी आजवर पाचच सांगितलं. तू पाच सांगितलंस त्यात तुझी काही चूक नाही.

आठ आहेत. तीन वेळेआधी आले. पहिला सहाव्या महिन्यात, तो रडला नाही. दुसरी तुझ्या आईच्या आधी, तिला मी नाव ठेवलं होतं, लेबा, ते तुझ्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं. तिसरा चक्रीवादळाच्या वर्षी, सात महिन्यांचा, चार दिवस होता. तेव्हा ओले कपडे, वरची फळी, सगळं मलाही ऐकवून झालं होतं. मी गप्प बसले, कारण विचारणाऱ्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं. नर्सला हे सगळं सांगायला सकाळ गेली. ती मधे एकदाही उत्तर द्यायला आली नाही, नुसती लिहीत होती. मी बघत होते, तिला जमलं.

त्यांच्या उपयोगाचं असेल तर घेऊ देत, मेरेवालेसीच्या वेळी कुणीतरी तिला नीट सांगू शकेल. तुझ्या जाड्या सिस्टरला सांग, पाच खोडून आठ कर. फॉर्मात प्रत्येकाला एकच ओळ दिलीय, ती लेबाला पुरली नाही. तिचं मी मागच्या पानावर लिहायला लावलंय, तेही वाचा म्हणावं.

बाकी भेटीत.
तुझी बुबू उनाइसी